ऊन तर रोज पडतं, मग दिवा का लागत नाही? – छोटे ऊर्जा प्रकल्प आणि शासनाची मदत



मागच्या वर्षीची गोष्ट. चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यासाच्या तासाला ऊर्जेची साधनं शिकवत होते. सूर्य, वारा, वाहतं पाणी, शेण... मुलं भराभर नावं सांगत होती. मी फळ्यावर लिहिलं, 'सूर्याची ऊर्जा न संपणारी आहे.' तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि खिडकीतून फाटकाकडे बोट दाखवत म्हणाली, "बाई, ऊन तर रोज पडतं, मग आपला दिवा का लागत नाही?"

आमच्या शाळेच्या फाटकाजवळ सौर दिव्याचा खांब आहे. एका योजनेतून बसवलेला. सुरुवातीला छान उजेड पडायचा. मग तो मंद झाला आणि एक दिवस बंदच पडला. पॅनेल जागेवर, खांब जागेवर, फक्त उजेड नाही. खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली. मग मात्र थोडा अभ्यास केला, माहीतगार लोकांना विचारलं. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडते. तुमच्या गावातही असा एखादा खांब असेलच!

शासन मदत का करतं?

आपल्या घरातली बरीचशी वीज लांबून येते. चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळसा जाळून ती तयार होते आणि शेकडो किलोमीटर तारांमधून प्रवास करते. वाटेत काही वीज वाया जाते. तीच वीज आपल्या छपरावर, शेतात किंवा गोठ्याशेजारी तयार झाली तर हा प्रवास वाचतो, कोळसाही वाचतो.

मग सगळेच का करत नाहीत? कारण पहिली पायरी उंच आहे. सौर पॅनेल साधारण २५ वर्षं चालतं, ऊन फुकट आहे, पण खर्च मात्र पहिल्याच दिवशी करावा लागतो. पुढच्या कितीतरी वर्षांचं बिल एकदम भरल्यासारखंच ते. सामान्य कुटुंबाला ते जमत नाही. ही पहिली पायरी बुटकी करणं म्हणजे अनुदान.

हे काम आजचं नाही. १९७३ मध्ये जगात खनिज तेलाचे भाव भडकले आणि दुसऱ्या मार्गांचा विचार सुरू झाला. १९८२ मध्ये केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग काढला, १९९२ मध्ये त्याचं मंत्रालय झालं. आपल्या राज्यात हे काम 'महाऊर्जा' ही संस्था पाहते. आता मदत कुठे कुठे मिळते ते पाहूया.

१. छपरावरची वीज

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू झाली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवायचं हे तिचं उद्दिष्ट. अनुदान असं आहे: १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये, ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८,००० रुपये. त्याच्या वर वाढत नाही.

आता जरा गणित करू. आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतं. म्हणजे ३ किलोवॅटचं १२ युनिट, महिन्याला साधारण ३६० युनिट. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. जागा १ किलोवॅटला अंदाजे १०० चौरस फूट लागते, तीही सावली न पडणारी. महिन्याला दीडशे युनिटपर्यंत वापर असणाऱ्या घराला १ ते २ किलोवॅट पुरतं. म्हणून आधी आपलं वीजबिल काढा आणि वर्षभराचे युनिट पाहा. शेजाऱ्यांनी ३ बसवलं म्हणून आपणही ३ बसवायचं, असं नको.

दिवसा घरात कुणी नसतं, वीज मात्र तयार होत असते. तिचं काय होतं? इथे 'नेट मीटर' कामाला येतं. मी मुलांना हे उसन्या पिठाच्या उदाहरणाने सांगितलं. आपल्याकडे पीठ जास्त आहे, शेजारच्या काकूंना दोन वाट्या दिल्या. संध्याकाळी आपल्याला कमी पडलं, त्यांच्याकडून तीन वाट्या आणल्या. हिशोब फक्त एका वाटीचा. दिवसा जास्तीची वीज तारेतून बाहेर जाते, रात्री आपण तारेतून वीज घेतो, बिल फरकाचं येतं. वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेल्या युनिटला मिळणारा दर मात्र आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून कमाई करू, हा विचार सोडून द्या.

दोन गोष्टी पालकांना हमखास माहीत नसतात. पहिली, अनुदान आधी मिळत नाही. संच बसतो, तपासणी होते, नेट मीटर लागतं आणि त्यानंतर पैसे आपल्या बँक खात्यात जमा होतात. तोपर्यंतची सोय आपल्याला करावी लागते. त्यासाठी बँकांचं कमी व्याजाचं कर्ज आहे. दुसरी, गावाची लाइट गेली की बॅटरी नसलेला असा संचही बंद होतो! भर उन्हातसुद्धा. एका पालकांनी मला चिडून विचारलं होतं, "मॅडम, फसवलं का आम्हाला?" नाही, फसवलेलं नाही. तार दुरुस्त करायला वायरमन खांबावर चढलेला असतो. आपल्या छपरावरची वीज त्या तारेत गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. हे बसवण्याआधी कुणी समजावून सांगितलं, तर नंतर मन खट्टू होत नाही.

२. शेतातला पंप

माझ्या वर्गात एक मुलगा रब्बीच्या दिवसांत सकाळी बाकावर डोकं टेकून झोपायचा. मी रागावले. नंतर कळलं, शेतीची लाइट रात्रीची होती आणि तो वडिलांबरोबर दारं धरायला जायचा. वडील पाणी वळवायचे, हा विजेरी धरून उभा राहायचा. थंडी, अंधार, साप-विंचवाची भीती. त्या दिवसापासून मला 'दिवसा वीज' या दोन शब्दांची किंमत कळली.

२०१९ मध्ये केंद्राची 'पीएम कुसुम' योजना आली. तिच्या आधाराने राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना चालते. शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. बाकीचा भार शासनाचा. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमाही असतो. ही हमी फार महत्त्वाची, तिचा कागद जपून ठेवा.

ज्यांना स्वतःचा सौर पंप नको, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. २०१७ पासूनच्या 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने'त गावाजवळच्या वीज उपकेंद्रापाशी सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्या वाहिनीवरच्या पंपांना दिवसा वीज मिळते. शेतकऱ्याचा पंप तोच राहतो.

३. गोठ्यातला गॅस

सौर ऊर्जेच्या गडबडीत आपण गोबरगॅसला विसरलो. खरं तर हा आपल्या देशातला जुना ग्रामीण ऊर्जा कार्यक्रम. १९८१-८२ पासून त्याला केंद्राचं अनुदान आहे. संयंत्राच्या आकारानुसार ठरावीक रक्कम मिळते, शौचालय जोडलं तर थोडी जास्त. पंचायत समितीत याची चौकशी करता येते.

एका छोट्या कुटुंबाच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरचं संयंत्र पुरतं. त्याला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं हवीत. गॅस निघाल्यावर उरणारी मळी उत्तम खत असते. पण गावात फिरलं तर कित्येक संयंत्रं बंद दिसतात. जनावरं विकली, सिलिंडर आला, टाकीला तडा गेला, बुजवायला कुणी आलं नाही. कारण काहीही असो, अनुदान संयंत्र बांधायला मिळालं होतं, रोज शेण कालवायला नाही!

शाळेला काय मिळतं?

हा प्रश्न शिक्षक हमखास विचारतात. सूर्यघर योजनेचं अनुदान घरांसाठी आहे, शाळेसाठी नाही. शाळेसाठी ग्रामपंचायतीचा निधी, जिल्हा नियोजन समिती किंवा कंपन्यांचा सामाजिक निधी, असे मार्ग असतात. वीजबिल थकलं म्हणून डिजिटल वर्ग कुलपात ठेवायची वेळ अनेक शाळांवर येते, हे आपण सगळे जाणतो. अशा शाळेला छोटा सौर संच म्हणजे मोठाच आधार. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून ग्रामपंचायतीकडे मागणी द्या. गाव एकत्र आलं की काय होतं, याचं उदाहरण जवळच आहे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं छोटंसं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं.

मग आमचा दिवा का लागत नव्हता?

गावातल्या एका इलेक्ट्रिशियन दादांना बोलावलं. मुलं खाली घोळका करून उभी. दादांनी तपासून सांगितलं, "पॅनेल चांगलं आहे. बॅटरी गेलीय." दिवसाचं ऊन रात्रीसाठी साठवायचं काम बॅटरीचं, आणि तिचं आयुष्य पॅनेलपेक्षा खूप कमी असतं. ती कधीतरी बदलावीच लागते. पण दिवा बसवला त्या दिवशी 'बॅटरी कोण बदलणार?' हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आम्हीसुद्धा नाही. शासनाचा दिवा आहे, शासन बघेल, असं म्हणून आम्ही त्याच्याखालून रोज ये-जा करत राहिलो.

मी हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडला. थोडी कुरकुर झाली, पण पालकांनी वर्गणी काढली, काही रक्कम ग्रामपंचायतीने दिली आणि नवी बॅटरी बसली. आता फाटकासमोर राहणारा एक विद्यार्थी दिवा कधी लागतो, कधी मंद होतो, ते वहीत लिहून आणतो. पुढच्या बॅटरीसाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवायचं ठरलं आहे.

अर्ज करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. आपली खरी गरज किती? (वर्षभराची बिलं, जनावरांची संख्या, जमिनीचं क्षेत्र)
२. अनुदान वजा जाता आपल्या खिशातून किती जाणार आणि अनुदान हाती कधी येणार?
३. लाइट गेल्यावर संच चालेल का?
४. हमी किती वर्षांची, आणि बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा?
५. हमी संपल्यावर देखभालीचे पैसे कुठून येणार?

अर्ज नेहमी योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. 'अनुदान लगेच मिळवून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा.

शिक्षकांनी हा धडा वर्गात घ्यायचा असेल तर मुलांना घरचं एक वीजबिल आणायला सांगा. युनिट कुठे लिहिलेत ते शोधू द्या. मग गावातले सौर दिवे, पंप, गोबरगॅस मोजायला पाठवा आणि दोन रकाने करायला सांगा: 'चालू' आणि 'बंद'. बंद असलेल्या प्रत्येकासमोर कारण लिहायचं. गणित, परिसर अभ्यास आणि नागरिकशास्त्र एकाच उपक्रमात होतं, आणि ती यादी ग्रामसभेत ठेवता येते.

त्या मुलीला मी उत्तर दिलं ते असं: "बाळा, ऊन देवाचं, दिवा शासनाचा, पण तो लागता ठेवायचं काम आपलं." तिने लगेच विचारलं, "मग आपण इतके दिवस का नाही केलं?" याचं उत्तर मात्र आपण मोठ्यांनीच शोधायचं आहे.

तुमच्या शाळेत किंवा गावात असा बंद पडलेला दिवा पुन्हा लागला असेल, तर नक्की कळवा.