गोदामाचे शटर : स्प्रिंग तुटली की टेकू लावू नका

2023 च्या जून महिन्यातली गोष्ट. पाऊस लांबला होता आणि शेतकरी रोज आभाळाकडे बघत होते. अशात सोयाबीन बियाण्याची गाडी माझ्याकडच्या एका गावात गोदामावर येऊन लागली. शटर निम्मे वर गेले आणि एका अंगाला तिरपे होऊन अडकले. "आठ दिवस झाले, असंच करतंय," गटसचिव म्हणाले. एका हमाल मामाने कुठून तरी एक वासा आणला. "साहेब, निस्ता टेकू देऊ, तासाभरात गाडी मोकळी." मीही घाईत होतो. म्हणालो, "द्या."

चाळीसेक पोती आत गेली असतील. पाठीवरच्या पोत्याचा कोपरा वाशाला लागला, वासा सरकला आणि शटर धाडकन खाली आले. मामांच्या पायाची दोन बोटे मोडली. ऐन पेरणीत गडी दीड महिना घरी बसला. डोके खाली असते तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही. म्हणून हा लेख.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपण ट्रॅक्टरचे ऑईल वेळेवर बदलतो, पंपाची बेअरिंग बघतो. पण गोदामाचे, खताच्या दुकानाचे, ट्रॅक्टर शेडचे शटर एकदा बसवले की दहा-दहा वर्षे त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

शटर हलके का लागते?

दहा बाय दहा फुटांचे लोखंडी शटर शंभर किलोच्या आसपास, पुष्कळदा त्याहून जड असते. तरी एक माणूस ते उचलतो. ही करामत वरच्या पाइपावर बसवलेल्या स्प्रिंगांची. शटर खाली ओढले की स्प्रिंग पिळली जाते. वर उचलताना तोच पीळ सुटत जातो आणि वजन पेलतो. म्हणजे बंद शटराची स्प्रिंग सर्वांत जास्त ताणलेली असते. स्प्रिंग तुटली की सगळे वजन तुमच्या हातावर, नाहीतर त्या टेकूवर.

बाकीचे भाग सोपे आहेत : एकमेकींत अडकवलेल्या पट्ट्या, दोन्ही बाजूंचे चॅनेल, पाइप धरणारी ब्रॅकेटे, खालची जाड पट्टी आणि कुलपाच्या कड्या. मोठ्या शटराला साखळी आणि गिअर असतो.

दुखणे आधीच कळते

शटर एकाएकी जड झाले, तिरपे चालू लागले, पाइपातून कडकड आवाज आला, तर स्प्रिंग किंवा बेअरिंग गेले असे समजावे. महिन्यातून एकदा साधी परीक्षा करा. पाय बाहेर ठेवून शटर कमरेइतके उचला आणि हात अलगद सैल करा. ते जवळपास तिथेच थांबले तर ठीक. धपकन खाली येत असेल तर स्प्रिंग ढिली झाली आहे. आपोआप जोरात वर पळत असेल तर पीळ जास्त आहे. दोन्ही वेळी मिस्त्रीला बोलवा.

देखभाल कशी करावी?

चॅनेलमध्ये भुसा, माती, खताचे दाणे साचतात. ते आठवड्याला ब्रशने काढावेत. आपल्याकडे चॅनेलला जळके ऑईल किंवा ग्रीस फासायची सवय आहे. ती सोडावी. त्यावर धूळ चिकटून चिखल होतो आणि शटर आणखी अडकते. फडक्याने हलके मशीन ऑईल पुसून घ्यावे, तेवढे पुरते. ग्रीस बेअरिंग आणि गिअरला द्यावे.

खताच्या गोदामात जास्त लक्ष ठेवा. युरिया, पोटॅश ओल धरतात आणि लोखंड खातात. खालची पट्टी आणि चॅनेलचा तळ सर्वांत आधी सडतो. पावसाळ्यापूर्वी गंज खरवडून रेडऑक्साइड आणि रंग द्यावा. खत शटराला लावून रचू नये. धान्याच्या गोदामात शटराखालची फट पत्र्याच्या पट्टीने बुजवावी. नुसते रबर लावले तर उंदीर ते कुरतडतात.

हे स्वतः करू नका

पाइपाचे किंवा ब्रॅकेटचे नटबोल्ट घरच्या पान्याने सोडू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली तर पाना फिरून हात मोडतो, शिडीवरचा माणूस खाली येतो. शटर वर असताना स्प्रिंग तुटली तर खालून ये-जा बंद करा, दोरी बांधा. मिस्त्री येईपर्यंत बाहेरच्या बाजूने दोन्ही चॅनेलमध्ये खालच्या पट्टीखाली क्लॅम्प घट्ट आवळावेत. वासा, पहार, विटांचा टेकू नको. शटर बंद असताना तुटली तर ते बंदच राहू द्या आणि दुसऱ्या दाराने काम काढा.

पोरांना शटराला लोंबकळू देऊ नका. पट्ट्यांच्या सांध्यात बोटे जाऊ देऊ नका. शटर ओढायला कडी किंवा हूकच वापरा. आणि अर्धे उघडे शटर ठेवून खालून वाकून जाण्याची सवय मोडा. एक तर पूर्ण वर, नाही तर पूर्ण खाली.

नवीन शटर घेताना

लोखंडी शटरासाठी आयएस 6248 हे भारतीय मानक आहे. त्यानुसार साडेतीन मीटर रुंदीपर्यंत पट्टीची जाडी किमान 0.90 मिलिमीटर आणि त्याहून रुंद शटराला 1.25 मिलिमीटर हवी. मोठ्या दाराला हाताने ओढायचे शटर न घेता गिअरचे घ्यावे. कोटेशनमध्ये पत्र्याची जाडी लिहून घ्या आणि माल आल्यावर मोजून घ्या.

सरपंच, गटसचिव आणि शेतकरी कंपन्यांच्या संचालकांना एक विनंती. गोदामात एक वही ठेवा. शटर कधी तपासले, मिस्त्री कधी आला, काय बदलले ते तारखेसह लिहा. जड शटराची तक्रार आली की त्याच दिवशी काम थांबवा. स्प्रिंग बदलायचा खर्च एका माणसाच्या दवाखान्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

ते हमाल मामा आता बरे आहेत, पण थंडीत पाय ठणकतो म्हणतात. परवा भेटले तेव्हा हसून म्हणाले, "साहेब, आता टेकू न्हाई." उद्या सकाळी शटर उघडताना त्यांचा हा शब्द आठवा.