शब्द नसलेले अक्षर

दिवाळीची आवराआवर म्हणजे माळ्याचा जीर्णोद्धारच! परवा त्या धुळीतून माझ्या आईची अंकलिपी बाहेर आली. पाने पिवळी पडलेली, कोपरे कुरतडलेले. दुसरीतल्या आमच्या कन्येने ती चाळता चाळता विचारले, "बाबा, या 'ॡ'चा एक तरी शब्द सांगा ना!" मी पडलो मराठीचा प्राध्यापक. ऱ्हस्व 'ऌ'साठी 'कॢप्ती' तरी सापडली. दीर्घापुढे मात्र हात टेकले.

अंकलिपीला लॅटिनमध्ये 'अबेसेडेरियम' असे भारदस्त नाव आहे. पण त्याच्या पोटात साधे 'अ-बे-से-दे'च! दगडावर, भांड्यावर ओळीने कोरलेल्या मुळाक्षरांनाही हेच नाव. इटलीत मार्सिलियाना येथे एका थडग्यात अशी एक हस्तिदंती पाटी सापडली. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातली, तळहातावर मावेल एवढी. मधल्या खोलगट भागात मेण भरायचे आणि त्यावर टोकाने लिहायचे. कडेवर उजवीकडून डावीकडे २६ अक्षरे कोरलेली आहेत.

ही पाटी एट्रुस्कन लोकांची. अक्षरे त्यांनी ग्रीकांकडून घेतली होती. गंमत अशी, की त्यांतली 'ब', 'द' आणि 'ओ' ही अक्षरे त्यांच्या भाषेला लागतच नव्हती. तरी पाटीवरच्या ओळीतून त्यांनी ती गाळली नाहीत. पुढे शेजारच्या रोमनांनी त्यांच्याकडून लिपी उचलली; आणि त्यांना नेमकी ही तिन्ही अक्षरे हवी होती! ओळीत जपलेली म्हणूनच ती त्यांना आयती मिळाली, असे काही पंडित मानतात.

हे आठवले आणि हातातली अंकलिपी मला निराळीच दिसू लागली. आईची शाळा दुसरीतच सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी दुसरे कोण होते? पुढे जन्मभर तिने वाण्याच्या यादीपलीकडे फारसे काही लिहिले नाही. पण चुलीपुढे बसवून तिने मला अक्षरे शिकवली, ती एकही न गाळता. 'ॡ'पाशी मी अडलो, की म्हणायची, "मला कुठं ठाऊक त्याचा शब्द? ओळीत आहे ना, मग म्हणायचं. तुला पुढं लागेल."

शब्द अजून सापडलेला नाही. कन्येला मात्र मी उत्तर देऊन टाकले, "ओळीत आहे ना, मग म्हणायचं."