वीस क्रोनरचं नाणं

कोपनहेगनमधल्या नाण्यांच्या दुकानात विक्रेत्याशेजारी बसून मी त्याचं काम पाहत होते. विकायला आलेलं २० क्रोनरचं सोन्याचं नाणं त्याने कडेला धरून उचललं. नाण्याच्या सपाट बाजूंना बोट लावायचं नाही, हा इथला पहिला नियम.

आधी तराजू: ८.९६ ग्रॅम. मग कॅलिपर: २३ मिलिमीटर. नंतर बारीक दोऱ्याच्या फासात टांगून त्याने ते पाण्यात बुडवलं. वजन अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त घटलं. दहात नऊ भाग सोनं आणि एक भाग तांबं असलेला धातू पाण्याच्या साधारण १७ पट जड असतो. सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं इथे लगेच उघडं पडतं.

१८७३ साली डेन्मार्क आणि स्वीडनने सोन्यावर आधारलेलं समान चलन स्वीकारलं, १८७५ मध्ये नॉर्वेही त्यात आला. एक किलो शुद्ध सोन्याचे २,४८० क्रोनर, हा हिशेब तिघांचाही. राजे वेगळे, सोनं तेवढंच. १९१४च्या युद्धाने ही व्यवस्था मोडली. वितळवली तर तिन्ही देशांच्या नाण्यांची किंमत सारखीच, म्हणून संग्राहकाची खरी पारख भिंग हातात घेतल्यावर सुरू होते. कोपनहेगनच्या टांकसाळीची खूण छोटंसं हृदय, नॉर्वेच्या काँग्सबर्गची एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे. त्या गावात चांदीची खाण होती. शेजारी टांकसाळप्रमुखाची आद्याक्षरं: १९२६-२७च्या डॅनिश नाण्यांवर एचसीएन, १९३०-३१च्या नाण्यांवर नुसतं एन. मग नाण्यावरच्या राजाचे कानावरचे केस आणि गाल. झीज आधी उंच भागांवर दिसते.

सर्वांत जास्त वेळ त्याने पृष्ठभागाला दिला. दिवा तिरका धरून तो नाणं सावकाश फिरवत राहिला. कुणी घासलं असेल तर बारीक समांतर रेघा चमकतात. आपल्याकडे दागिना सराफाकडून उजळून आणतात. इथे उजळलेल्या नाण्याचा भाव पडतो. मला हे मनापासून पटतं. घासताना टांकसाळीतून आलेला मूळ पृष्ठभागच जातो, तो पुन्हा आणता येत नाही.

या छंदाची सर्वांत विलक्षण गोष्ट लार्स एमिल ब्रून यांची. लोण्याच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या या गृहस्थाने नाणी, पदकं आणि नोटा मिळून सुमारे २०,००० वस्तू जमवल्या. पहिल्या महायुद्धातला विध्वंस पाहून त्यांना वाटलं, डेन्मार्कचा राष्ट्रीय नाणेसंग्रहच नष्ट झाला तर? १९२३ साली ते वारले, तेव्हा मृत्युपत्रात अट होती: आपला संग्रह शंभर वर्षं राखीव ठेवायचा. राष्ट्रीय संग्रहाला काही झालं नाही, तरच मुदत संपल्यावर तो विकायचा आणि पैसे वारसांना द्यायचे.

मुदत संपली, राष्ट्रीय संग्रह शाबूत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये कोपनहेगनमध्ये पहिला लिलाव झाला. राजा हान्सचं १४९६ सालचं सोन्याचं नाणं १२ लाख युरोंना गेलं. लिलावाआधी निवडीचा पहिला हक्क राष्ट्रीय संग्रहालयाचा होता. त्यांनी सात नाणी घेतली, त्यातली सहा सोन्याची. बाकीचा संग्रह टप्प्याटप्प्याने विकायचं ठरलं.