शेजारच्या टेबलावर कोण हवे?

यंदा दहावीच्या वर्गात आम्ही एक प्रश्न विचारला. उद्या कामाचा भरपूर ताण असलेल्या कचेरीत नोकरी लागली, तर शेजारच्या टेबलावर कोण हवे? निवांत, हसतखेळत काम करणारा, की सतत पुढे जाण्याची चुरस लावणारा? बहुतेक मुलांनी पहिल्याला मत दिले. हाच प्रश्न घरी नेल्यावर बहुतेक पालकांनी दुसऱ्याला दिले!

आपल्या हैदराबादेतील कितीतरी मुले संगणक क्षेत्रात जातात, म्हणून मायक्रोसॉफ्टचे उदाहरण पाहू. तेथे बरीच वर्षे कर्मचाऱ्यांची क्रमवारी लावीत. ही कल्पना अमेरिकेत गाजवली ती जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख (१९८१ ते २००१) जॅक वेल्च यांनी. वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळाचे १०. तळाच्यांना बहुधा घरचा रस्ता.

मायक्रोसॉफ्टमध्ये गटातील सगळेच हुशार असले तरी कोणाला तरी निकृष्ट शेरा द्यावाच लागे. समजा, वर्गात सर्वांना नव्वदच्या वर गुण मिळाले तरी एकाला नापास करायचेच, असा नियम आम्ही केला. मग वही कोण कोणाला देईल? तेथेही तेच झाले. २०१२ साली कर्ट आयकेनवाल्ड यांनी 'व्हॅनिटी फेअर' मासिकात कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींवरून लिहिले, की हुशार माणसे दुसऱ्या हुशार माणसांच्या गटात जाण्यास नाखूष असत, आणि सहकारी पुढे जाऊ नये म्हणून थोडी माहिती हातची राखून ठेवीत. ही माणसे मुळात कपटी होती असे आम्हाला वाटत नाही. नियमच तसा होता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली. इतरांच्या यशाला तुम्ही काय हातभार लावलात, हेही मग मूल्यमापनात पाहिले जाऊ लागले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीची सूत्रे हाती घेणारे सत्या नाडेला आपल्याच शहरात शिकले. 'हिट रिफ्रेश' (२०१७) या पुस्तकात त्यांनी शाळेतील एका क्रिकेट सामन्याची आठवण सांगितली आहे. त्यांची गोलंदाजी नीट पडत नव्हती. कप्तानाने चेंडू स्वतःकडे घेतला, बळी मिळवला आणि लगेच चेंडू परत नाडेलांच्या हाती दिला. पुढे त्यांनी सात बळी घेतले.

मुलांनी हे नीट पाहावे. कप्तान निवांत नव्हता. गोलंदाजी बिघडताच त्याने चेंडू काढून घेतला. पण बळी मिळाल्यावर तो स्वतःकडेच ठेवला नाही. उलट शेजारचा नुसताच निवांत असेल, 'उद्या बघू' म्हणत सहाला घरी जात असेल, तर त्याचे उरलेले काम रात्री नऊपर्यंत आपणच करतो. पालकांची भीती याच माणसाची असते आणि ती खोटी नाही.

चर्चा संपता संपता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग आपल्या प्रगतिपुस्तकावर क्रमांक कशाला छापतात?"

आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. विश्वस्तांच्या परवानगीने हा विषय पुढील पालक सभेत ठेवला आहे.