मुळाला धक्का न लावता

टेक्ससच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या अलीकडे, काटेरी झुडपांच्या सावलीत एक लहानसं निवडुंग वाढतं. त्याला स्वतःला काटे नसतात. निळसर हिरवं, जमिनीला चिकटून बसलेलं. पायाखाली आलं तरी कळू नये असं. त्याचं नाव पेयोटी. जाणता माणूस ते कधी उपटत नाही. वरची गुंडी तेवढी आडवी कापून घेतो आणि मूळ जमिनीत राहू देतो. जखम भरली की त्याच मुळाला नवे फुटवे येतात. बियांपासून वाढवायचं म्हटलं तर रोप काढणीला यायला दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात.

या निवडुंगात मेस्कलिन नावाचं द्रव्य असतं. अमेरिकेच्या कायद्याच्या लेखी तो अमली पदार्थ. ज्यांची त्याच्यावर श्रद्धा आहे ते मात्र त्याला औषध म्हणतात. टेक्ससमधल्या गुहांत सापडलेली पेयोटी 5 हजार वर्षांहून जुनी आहे. 1620मध्ये मेक्सिकोतल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, तिच्यावर बंदी घातली, तरी उपासना टिकली. 1918मध्ये ओक्लाहोमात नेटिव्ह अमेरिकन चर्चची रीतसर नोंदणी झाली. या चर्चचा विधी रात्रभर चालतो. टिपीत, म्हणजे शंकूच्या आकाराच्या तंबूत, चंद्रकोरीसारखी वेदी असते आणि मधे अग्नी. पाणी भरलेल्या भांड्यावर कातडं ताणून ढोल केलेला असतो. विधी चालवणाऱ्याला वाटाड्या म्हणतात. पहाटे एक स्त्री पाणी घेऊन आत येते, सगळे ते पितात आणि मग एकत्र जेवतात. या रात्रीत चैनीला जागा नसते. कुणाच्या आजारपणासाठी, कुणाच्या मुलासाठी, कुणाची दारू सुटावी म्हणून लोक इथे बसतात.

न्यायालयाच्या दारात

1962मध्ये कॅलिफोर्नियात नीडल्सजवळ पोलिसांनी असाच एक विधी थांबवून नवाहो लोकांना अटक केली. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना झालेली शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती मॅथ्यू टोब्रिनर यांच्या निकालाचं सार असं, की या धर्मातून पेयोटी काढून घेतली तर त्याचा गाभाच नाहीसा होतो, आणि एवढी किंमत मागावी असं कारण सरकारला दाखवता आलेलं नाही.

पुढचं वळण उलट्या दिशेचं होतं. क्लॅमथ जमातीचे आल्फ्रेड स्मिथ स्वतः दारूतून बाहेर आले होते आणि ओरेगनमध्ये व्यसनमुक्तीचंच काम करत होते. विधीत पेयोटी घेतली म्हणून 1984मध्ये त्यांची नोकरी गेली. बेकारभत्ताही नाकारला गेला. 1990मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांची भूमिका अशी, की कायदा सर्वांना सारखाच लागू असेल आणि कुठल्या धर्माला लक्ष्य करत नसेल, तर श्रद्धेच्या आधारावर त्यातून सूट मागता येत नाही.

या निकालाने सगळ्याच पंथांना धक्का बसला. एरवी एकमेकांशी न जुळणारे ख्रिस्ती, ज्यू आणि नागरी हक्कवाले एकत्र आले, आणि 1993मध्ये धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापनेचा कायदा झाला. धर्माचरणावर मोठा भार टाकायचा तर सरकारकडे अत्यंत सबळ कारण हवं आणि मार्गही कमीत कमी जाचाचा हवा, असं त्या कायद्याने सांगितलं.

चारच वर्षांनी हा कायदा एका छोट्या शहराच्या नगरपालिकेपाशी अडला. सॅन अँटोनियोपासून 50 किलोमीटरवर बर्नी नावाचं गाव आहे. तिथलं 1923 सालचं कॅथलिक चर्च भाविकांना अपुरं पडू लागलं होतं, पण इमारत जतन क्षेत्रात येते म्हणून नगरपालिकेने वाढीव बांधकामाची परवानगी दिली नाही. आर्चबिशप पॅट्रिक फ्लोरेस न्यायालयात गेले. 1997मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की राज्यांवर आणि शहरांवर हा कायदा लादण्याचा अधिकार संसदेला नाही. पेयोटीमुळे जन्मलेला कायदा एका चर्चच्या बांधकाम परवान्यापाशी अर्धा झाला. केंद्र सरकारपुरता तो उरला, शहरांपुरता गेला. टेक्ससने 1999मध्ये स्वतःचा तसाच कायदा केला. पेयोटीसाठी 1994मध्ये वेगळी केंद्रीय सूट मिळाली, पण ती केंद्राने मान्यता दिलेल्या जमातींनाच. टेक्ससच्या लिपान अपाची जमातीला अशी मान्यता नाही.

शहराची मोकळीक

शहर नेहमी अडवतंच असं नाही. 4 जून 2019 रोजी कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या नगर परिषदेने एकमताने ठराव केला, की मनावर परिणाम करणाऱ्या वनस्पती आणि अळंबी बाळगणाऱ्या प्रौढांवरच्या कारवाईला पोलिसांनी सर्वात कमी प्राधान्य द्यावं. तरीही पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, अळंबीला प्रसाद मानणाऱ्या झाइड डोअर या चर्चवर त्याच शहराच्या पोलिसांनी छापा घातला.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. अशा ठरावांतून पेयोटी वगळा, अशी विनंती नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या संघटनांनीच केली. रानातली पेयोटी आधीच विरळ होत चालली आहे. शहरातल्या हौशी लोकांसाठी दार उघडलं तर उपासकांना ती उरणार नाही. बंदी घालताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मोकळीक देतानाही आधी कुणी विचारलं नाही.

नदीचं वळण

बर्नीजवळच्याच सॅन अँटोनियोत असाच एक वाद झाला. ब्रॅकेनरिज पार्क हे तिथलं सुमारे 340 एकरांचं सार्वजनिक उद्यान. त्यातल्या नदीच्या एका वळणावर लिपान अपाची नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या उपासकांची श्रद्धा आहे. त्यांच्या सृष्टिकथेत एका झऱ्यात निळा पँथर राहतो. तिथे आलेला पाणकावळा त्याला घाबरून उडतो, आणि त्याच्या शेपटीवरून पडलेल्या थेंबांनी सारं खोरं जिवंत होतं. म्हणून तिथे पाणी हवं, त्या पाण्यावर झुकलेली झाडं हवीत आणि झाडांवर घरटी करणारे पाणकावळे हवेत.

नगरपालिकेला नदीकाठच्या ढासळत्या भिंती दुरुस्त करायच्या होत्या. त्यासाठी बरीच झाडं काढायची होती. विष्ठेचा त्रास होतो म्हणून पक्ष्यांनी तिथे घरटी करू नयेत असे उपायही सुरू होते. ही कारणं खोटी नव्हती. भिंत कोसळून कुणी दगावलं तर जाब शहरालाच विचारला जाणार. पण उपासक म्हणत होते की दुसरे मार्ग आहेत, आणि त्यांचा विचार व्हावा. 2023मध्ये ते न्यायालयात गेले. जिल्हा न्यायालयाने ठरावीक दिवशी 15 ते 20 जणांना त्या जागी विधी करायला परवानगी दिली. झाडं आणि पक्षी यांच्याबाबतची मागणी मात्र फेटाळली. धार्मिक सेवा बंद पाडायला मनाई करणारी जी तरतूद टेक्ससच्या राज्यघटनेत 2021मध्ये आली, तीही जून 2025मध्ये कामी आली नाही. सार्वजनिक मालमत्तेची देखभाल तिच्या कक्षेत येत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

ज्याने कोकणातली देवराई पाहिली आहे, त्याला यातली वेदना समजावून सांगावी लागत नाही. पडलेलं लाकूडही जिथून घरी न्यायचं नसतं, तिथे देव देवळापुरता नसतो, सगळं रान त्याचं असतं. अशा जागी या आणि पूजा करा, पण झाडांचं आम्ही बघू, असं म्हणणं म्हणजे मूळ काढून गुंडी तेवढी हातात ठेवण्यासारखं आहे.

श्रद्धा मनात असते, हे अर्धंच खरं. तिला माती लागते, पाणी लागतं, वनस्पती लागते आणि बसायला जागा लागते. मनातल्या श्रद्धेला कुठलंच शहर हात लावत नाही. हात लागतो तो यांना, आणि तोही भिंतीच्या, परवान्याच्या, स्वच्छतेच्या नावाने. म्हणून धर्मस्वातंत्र्याची खरी परीक्षा नगरपालिकेच्या दारात होते. शहराने प्रत्येक वेळी माघार घ्यावी असं मी म्हणत नाही. कुऱ्हाड उचलण्याआधी त्या झाडाखाली बसणाऱ्यांना विचारावं आणि दुसरा मार्ग खरोखर शोधून पाहावा, एवढंच.

दक्षिण टेक्ससमध्ये आदिवासींच्या पुढाकाराने पेयोटीच्या जतनासाठी 605 एकर जमीन घेतली गेली आहे. तिथे आज लावलेलं रोप काढणीला येईपर्यंत आजचे नगरसेवक बदललेले असतील. लावणाऱ्यांना ते ठाऊक आहे. तरीही ते लावतात, आणि गुंडी कापताना मुळाला धक्का लागू नये हे नव्या पिढीला शिकवतात.