पेटी एक, मध अनेक

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मधाच्या बाटल्यांवर झाडांची नावं वाचायला मिळतात: जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. त्यामुळे एखादं झाड रानभर फुललं की त्या हंगामात पोळ्यात मुख्यतः त्याचाच मध साठतो. जांभळाचा मध उन्हाळ्यातला, गडद आणि किंचित कडसर. कारवीचा पावसाळा सरताना मिळणारा, दाट. मात्र कारवी फुलते सात-आठ वर्षांनी एकदा, म्हणून तो मध दर वर्षी मिळत नाही.

इथली पेटीतली माशी म्हणजे सातेरी. ती मूळची झाडांच्या ढोलीत, अंधारात राहणारी. कड्यांवर एकच मोठं उघडं पोळं बांधणारी आग्या पेटीत नांदत नाही. मधपाळ सातेरीच्या पेटीतल्या फक्त वरच्या मधकोठीला हात लावतो. खालची कोठी अंड्या-पिल्लांची. माशांनी मेणाने बंद केलेली घरं म्हणजे पिकलेला मध. सुरीने ती मेणाची झाकणं काढायची, चौकटी यंत्रात ठेवून फिरवायच्या, की मध भिंतीवर उडून खाली ओघळतो. पोळं शाबूत राहतं आणि पुन्हा पेटीत जातं. भर पावसात फुलोरा नसला की साखरेचा पाक देऊन वसाहत जगवावी लागते.

महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे. याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं.

गिऱ्हाईक मात्र रंगावर अडतं आणि बाटलीत रवा धरला की ‘साखर घातली’ म्हणून मोकळं होतं. खरं तर ज्या मधात ग्लुकोज जास्त, तो लवकर गोठतो. राजस्थान-हरियाणातला मोहरीचा मध तर काही आठवड्यांत तुपासारखा रवाळ आणि पांढुरका होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. उकळायचा मात्र नाही, सुवास जातो.

तेव्हा मध घेताना ‘शुद्ध आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका. कुठल्या फुलाचा आणि कुठल्या हंगामातला, हेही विचारा. बारा महिने एकाच रंगाचा, एकाच चवीचा मध हवा असेल, तर तो अनेक ठिकाणचा मध एकत्र करूनच मिळतो.