केमो, गोळ्या आणि यकृताचा रिपोर्ट

मुंबईत कॅन्सरचे उपचार सुरू करायचे आणि पुढच्या गोळ्या, रक्ततपासण्या इथे शारजात करायच्या, असं आपल्यातल्या काही कुटुंबांत घडतं. मग एखाद्या रिपोर्टमध्ये ‘एसजीपीटी’चा आकडा वाढलेला दिसतो, डॉक्टर पुढचा डोस लांबवतात आणि घरात घबराट होते. हा आकडा काय सांगतो ते समजून घेऊया.

बरीचशी औषधं यकृतात मोडली जातात. या खटपटीत कधी मूळ औषधापेक्षा घातक पदार्थ तयार होतात आणि यकृताच्या पेशींना इजा होते. इजा झालेल्या पेशींतलं एसजीपीटी रक्तात उतरतं. थोडक्यात, एसजीपीटी ही इजेची खूण आहे. यकृताचं काम नीट चाललंय का, हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर पाहून कळतं.

प्रत्येक औषधाची इजा करण्याची तऱ्हा वेगळी असते. टॅमॉक्सिफेनमुळे यकृतात चरबी साठू शकते. ऑक्सालिप्लॅटिन तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना त्रास देतं. निवोलुमॅबसारख्या इम्युनोथेरपीत आपलीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटते. तेव्हा औषध थांबवून स्टेरॉइड देतात. शरीरात दबून असलेला हिपॅटायटिस बी केमोमुळे उसळू शकतो. म्हणून त्याची तपासणी उपचारांआधीच करतात आणि गरज असल्यास विषाणूविरोधी गोळ्या सुरू करतात.

दोन देशांतल्या लॅबच्या मर्यादा वेगळ्या असतात. त्यामुळे नुसता आकडा न पाहता तो त्या लॅबच्या कमाल मर्यादेच्या किती पट आहे, ते पाहा. 3 पटींपर्यंत वाढ असेल तर बहुतेक वेळा औषध चालू ठेवून पुन्हा तपासतात. 5 पटींपुढे गेली तर बहुधा थांबवतात आणि आकडा उतरल्यावर कमी डोसने सुरू करतात किंवा औषध बदलतात. एसजीपीटी 3 पटींहून जास्त आणि सोबत बिलिरुबिन 2 पटींहून जास्त, ही जोडी मात्र गंभीर. हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञांच्या निरीक्षणावरून तिला ‘हायचा नियम’ म्हणतात. अर्थात कॅन्सर यकृतात पसरल्यामुळे किंवा पित्तनलिका अडल्यामुळेही आकडे वाढतात, म्हणून सोनोग्राफीही करावी लागते.

आता बॅगेतून येणाऱ्या काढ्यांबद्दल. 2020 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले 6 रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. पुढे 2022 मध्ये भारतातल्या 13 केंद्रांनी असे 43 रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. हे रुग्ण केमो घेणारे नव्हते. पण केमो चालू असताना अशी भर पडली, तर दोष कोणाचा हे ओळखणं कठीण होतं आणि उपयोगी पडणारं औषध विनाकारण बंद होऊ शकतं.

म्हणून एकच फाइल ठेवा. तिच्यात तारखेसह सगळे रिपोर्ट आणि घेतलेली प्रत्येक गोष्ट लिहा: काढा, चूर्ण, प्रोटीन पावडर, तापावरची पॅरासिटामॉलसुद्धा. ती फाइल दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवा. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज, सततची मळमळ दिसली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर थेट इमर्जन्सी गाठा.

आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. वेळेत लक्षात आलेली यकृताची इजा बहुतेकदा भरून येते. कॅन्सरच्या उपचारात पडलेला खंड भरून काढणं जास्त अवघड असतं.